चाकातील ठेव

मिरज

चि. बाळास,

शर्यतीसाठी घेतलेल्या एस्टीमचे फ्लायव्हील हलके करण्याची तजवीज तू चालविली असून त्यासाठी मूळचेच चाक उद्यमनगरातील लेथवर सोलून घेणार आहेस, असे तुझ्या पत्रावरून कळले. बेत अविचाराचा नाही, परंतु ते चाक तेथे कशासाठी आहे हे जाणल्यावाचून त्याला हात लावू नयेस, म्हणून हे लिहीत आहे.

मळ्यातल्या एका सिलिंडरच्या ऑइल इंजिनाला एवढी अवजड चाके का, असे तू लहानपणी विचारले होतेस. दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होणाऱ्या त्या यंत्राला उरलेल्या तीन टप्प्यांतून पार नेणारी शक्ती त्या चाकांतच ठेव म्हणून जमा असते. तुझ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला स्फोट होतो, म्हणून लहान ठेवीवर भागते; पण ती अगदीच आटली, तर इंजिन आयडलला थरथरते आणि चढावर क्लच सोडताना बंद पडते.

लाभाचाही हिशेब नीट मांड. अश्वशक्ती तसूभरही वाढत नाही. चाकाची गती चढविण्यात खर्ची पडणारा तिचा अंश तेवढा वाचतो. गाडीचे वजन घटल्यासारखा हा लाभ एकूण गिअर-गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो: पहिल्या गिअरात ते १३ धरले तर वर्ग १६९, वरच्या गिअरात ४ धरले तर अवघा १६. म्हणजे वळणावळणांच्या मार्गावर जे उपकारक, ते पुणे-बंगळूर हमरस्त्यावर जवळजवळ निरुपयोगी.

मूळचे बिडाचे चाक मात्र सोलू नकोस. बीड दाब सोसते, ताणापुढे दुबळे ठरते; आणि फिरत्या चाकातील ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. असे सोललेले एक चाक फुटून त्याचा तुकडा कवच भेदून वर्कशॉपच्या पत्र्यात रुतलेला मी पाहिला आहे. तेथे माणूस उभा नव्हता, एवढीच दैवाची कृपा.

शर्यतच करावयाची असेल, तर घडीव पोलादाचे, बॅलन्सिंग केलेले चाक घे. गिअरबॉक्स उतरलेलाच असेल, तेव्हा क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सीलही बदल, आणि नवे बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळ. पण याच गाडीतून वहिनींना दवाखान्यात न्यावयाचे असेल, तर मूळचे चाकच राहू दे. गर्दीच्या चढावर त्याचे वजनच तुझ्या उपयोगी पडेल.

निर्णय करण्यापूर्वी एकदा येऊन जा.

तुझा,
काका