पिंपाचे बूच

लोखंडी पिंप तुम्ही पाहिलेच असेल. कमरेइतके उंच. त्यात 200 लिटर डिझेल मावते. भरले, की त्याचे वजन पावणेदोनशे किलोच्या पुढे जाते.

पिंपाच्या माथ्यावर दोन बुचे असतात. एक मोठे, 2 इंची. दुसरे धाकटे, पाऊण इंची. मोठ्यातून तेल बाहेर येते, धाकट्यातून हवा आत जाते. धाकटे बंद ठेवून पिंप कलंडले, तर तेल गचके देत येते आणि अर्धे पायांवर सांडते.

बूच उघडायची चावी बाजारात मिळते. पण ती वेळेला सापडेल तर शपथ! मग माणूस पहार घेतो, छिन्नी घेतो, हातोडा घेतो. पंप बंद पडलेला, पिकाला पाणी हवे, धीर कुणाला आहे?

आमच्या गावच्या लोहारमामांकडे एक तरुण शेतकरी असाच आला. त्याच्याबरोबर रिकामे पिंप होते.

"मामा, बूच गंजलंय. छिन्नीनं उडवून द्या. मग उभं चिरा. बैलांना पाण्याला डोण होईल."

मामांनी पिंपाला हात लावला नाही. आधी भाता थांबवला. विचारले, "यात काय होतं?"

"पेट्रोल होतं म्हणे. भंगारवाल्याकडून आणलंय. पण आता थेंब नाही, मामा!"

"थेंब नाही, पण वाफ आहे ना! लांब ने ते. आधी भट्टीपासून लांब ने."

त्या तरुणाला हे पटेना. भरलेले पिंप धोक्याचे, रिकाम्याला काय भ्यायचे? इथेच पुष्कळ जण फसतात. भरलेल्या पिंपात हवेला जागा थोडी. रिकाम्यात हवा भरपूर, आणि तिच्यात वाफ मिसळलेली. हवा आणि वाफ मिळून शंभर भाग धरले, तर त्यांत दीड ते साडेसात भाग पेट्रोलची वाफ असली, की एक ठिणगी पुरते. एवढी वाफ व्हायला तळाशी तीन-चार चमचे पेट्रोल बस्स आहे. तेवढे तर पत्र्याच्या घडीत आणि गंजातच लपून राहते. एकदा पाण्याने विसळले म्हणून ते जात नाही. आणि ही वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरकत जाते, आणि दूरच्या चुलीपाशीसुद्धा पोचते.

"मग डिझेलचं पिंप चालेल?" त्याने विचारले.

डिझेलचे कोडे निराळे आहे. गार डिझेलवर काडी धरली तरी ते सहसा लगेच पेटत नाही. म्हणून लोक त्याला भीत नाहीत. पण गॅसकटरने पत्रा तापला, की आत चिकटलेल्या डिझेलची वाफ होते. बुचे बंद असली, तर माथ्याचे झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते. कापणारा माणूस त्याच्यावरच वाकलेला असतो. मामांनी डोणीसाठी ते पिंप कापायला साफ नकार दिला. सिमेंटची डोण घे म्हणाले.

पण भरलेल्या डिझेलच्या पिंपासाठी त्यांनी त्याला चावी करून दिली. ती अशी. मोठ्या बुचाच्या खोलगट भागात समोरासमोर दोन उंचवटे असतात. त्यांच्यामध्ये उभी बसेल अशी जाड पट्टी घ्यायची. आधी पुठ्ठ्याचा तुकडा कापून माप घ्यावे, मग लोहाराकडे जावे. पट्टी सैल असली तर उंचवटे तुटतात, आणि मग बूच जन्मभर उघडत नाही. पट्टीवर हातभर लांबीची सळई आडवी जोडायची. झाली चावी. ती पितळेची ओतून घेतली तर आणखी बरी, कारण लोखंडावर लोखंड आपटले की ठिणगी उडते.

उघडायची रीत अशी. उन्हात तापलेले पिंप फुगते. ते सावलीत न्यावे, ओले पोते टाकावे, थंड होऊ द्यावे. माथ्यावर साचलेले पाणी पुसून घ्यावे, नाहीतर तेच तेलात उतरते. जवळ विडी नको, शेगडी नको. आधी धाकटे बूच डावीकडे अगदी थोडे फिरवावे. तोंड बाजूला ठेवावे. फुस्स आवाज येईल. तो थांबेपर्यंत थांबावे. मग ते पुरते काढावे, आणि नंतर मोठे. मोठे हटून बसले, तर कडेने लाकडी हातोडीने हलके ठोकावे, गंजावर पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावे. जाळ मात्र दाखवू नये. तेवढ्यात तेल हवेच असेल, तर धाकट्या बुचातून बारीक हातपंप घालून काढता येते. नळीला तोंड लावून ओढू नये. डिझेल छातीत गेले, तर फुप्फुसे सुजतात. कुणी चुकून गिळलेच, तर त्याला ओकायला लावू नये, लगेच दवाखान्यात न्यावे.

आणि पेट्रोल? ते 30 लिटरपेक्षा जास्त घरी ठेवायला कायद्याने परवाना लागतो. डिझेलला ही मर्यादा 2,500 लिटर आहे.

तो तरुण पिंप परत घेऊन गेला. चावी त्याने गोठ्याच्या खुंटीला दोरीने बांधून ठेवली आहे. शेजारी मागायला आला, की तो चावी देतो, आणि विचारतो, "पिंप भरलेलं आहे ना?"