रहोबोथ व येरळेचें पाणी

शास्त्रपाठ : उत्पत्ति २६:१७-२२

गराराच्या खोऱ्यांत इसहाकाच्या चाकरांस झरा लागला, तोंच तेथील गुराखी हक्क सांगून भांडूं लागले. दोन विहिरी त्यानें सोडल्या. तिसरीवर तंटा झाला नाहीं. तिचें नांव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

येरळा नदी साताऱ्याच्या खटाव तालुक्यांतून सांगलीकडे येते. खानापूर तालुक्यांत ठेकेदार तिची वाळू उपसून नेत. वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली कीं काठच्या विहिरी आटतात. बलवडी व तांदुळवाडी येथील लोकांनीं ह्या उपशास विरोध केला, आणि थोडी वाळू स्वतः विकून त्या पैशांतून १९८६ सालीं बंधाऱ्यास आरंभ केला. श्रमही त्यांचेच. बंधाऱ्यास बळीराजाचें नांव आहे. तें पुराणांतलें म्हणून कोणी नाक मुरडूं नये.

मला विशेष वाटतें तें वांटपाचें. पाणी जमिनीच्या प्रमाणांत नव्हे, तर सर्वांस सारखें, भूमिहीनासही वांटा. तें पुरावें म्हणून ऊंस लावावयाचा नाहीं, असें ठरलें. सांगलीच्या शेतकऱ्यास ऊंस सोडणें किती जड, हें सांगावयास नको!

आपल्या मंडळ्यांत भूमिहीन घरें पुष्कळ आहेत. प्रचारकांनीं वर्गांत विचारावें : ज्यास शेतच नाहीं, त्यानें पाण्याचा वांटा मागावा काय? आणि इसहाकाच्या तिसऱ्या विहिरीवर कोण कोण पाणी प्यालें असेल?