चाळीस दिवसांआधीची झोप

आजचं वाचन: १ राजे १९:१-१८



लेंट म्हटलं की आपल्याला प्रभू येशूचा अरण्यातला उपवास आठवतो. पण पवित्र शास्त्रात चाळीस दिवसांचा आणखी एक प्रवास आहे, आणि तो एका घाबरलेल्या माणसापासून सुरू होतो. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरताना पाहिलेला संदेष्टा एलीया, ईजबेल राणीचा एक निरोप येतो आणि जीव मुठीत धरून पळतो. सेवकाला मागे सोडतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला सांगतो की आता पुरे झालं, मला मरण दे.

यावर देव त्याला रागवत नाही. झोपू देतो. दूत त्याला हात लावून उठवतो, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि परत झोपतो! दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. त्यानंतर कुठे ते चाळीस दिवस चालू होतात.

हा अध्याय मी लातूरला नीटसाठी रिपीट करत होतो तेव्हा नीट वाचला. त्या लेंटमध्ये मी संध्याकाळपर्यंत काहीच न खाण्याचा नेम धरला होता. खरं सांगू? मी देवाशी सौदा करत होतो, इतके उपवास घे आणि तेवढे मार्क दे. रिकाम्या पोटी चार-पाच कप चहा, रात्री तीनपर्यंत जागरण. टेस्टला बसलो की छाती धडधडायची, हात गार पडायचे. दोनदा पेपर अर्धवट टाकून बाहेर आलो. ओळखीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढव. वाढवली. रोज रात्री तीच पापं चार-चार वेळा कबूल करायचो आणि तरी क्षमा मिळाल्यासारखं वाटायचं नाही.

मग नांदेडहून आई एसटीने डबा घेऊन आली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "काय व्हायलंय रे तुला? आधी दोन घास खा." त्याच आठवड्यात ती मला समुपदेशकांकडे घेऊन गेली.

मला वाटलं होतं तिथे बालपण वगैरे विचारतील. त्यांनी आधी झोप, जेवण आणि चहा विचारला. (मला लगेच तो दूत आठवला!) मग एक वही करायला लावली: मनात कोणता विचार आला, शरीरात काय झालं, मी काय केलं. "नापास झालो तर सगळं संपलं" असं लिहिल्यावर त्यांनी विचारलं, याला पुरावा काय? पेपर सोडून पळालो की त्या दिवशी बरं वाटतं, पण पुढच्या वेळी भीती मोठी होऊन येते, हेही तिथेच कळलं. म्हणून वीस मिनिटांच्या छोट्या टेस्टपासून सुरुवात केली. धडधड झाली तरी उठायचं नाही, श्वास सावकाश सोडायचा, लाट ओसरेपर्यंत बसायचं. या पद्धतीला सीबीटी म्हणतात. भीती पूर्ण गेली नाही, पण मी पेपर पूर्ण द्यायला लागलो.

होरेबवर देव एलीयाला विचारतो, तू इथे काय करतोस? एलीया सगळं गाऱ्हाणं सांगतो. थोड्या वेळाने तोच प्रश्न, आणि एलीयाचं तेच उत्तर. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. मग काम देतो आणि अलीशासारखा सोबतीही देतो.

फिलिप्पै ४:६ आपण घाबरलेल्या माणसाच्या अंगावर फेकतो. तोच पौल २ करिंथ ११:२८ मध्ये कबूल करतो की मंडळ्यांची चिंता त्याला रोज लागलेली असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्याकडची माणसं कितीतरी दिवस घरात झोपायला घाबरायची. त्यांना कुणी अविश्वासी म्हटलं का?

तुमच्यापैकी कुणाची गोळी चालू असेल तर उपवासासाठी ती बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. रविवार लेंटच्या चाळीस दिवसांत मोजत नाहीत, त्या दिवशी पोटभर जेवा. टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. आणि एलीयासारखा मरणाचा विचार येत असेल तर आजच, आत्ताच कुणाला तरी सांगा. रूममेट, पाळक, आई, कुणीही चालेल.

प्रार्थना: प्रभू, आज रात्री हॉस्टेलच्या खोलीत जो जागा आहे त्याला झोप दे. त्याच्या दारी कुणीतरी डबा घेऊन पाठव. येशूच्या नावाने, आमेन.