विचारावे कसे व सांगावे कसे
(संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता एक पाठ)



बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांस प्रश्नही विचारीत होता, असे लूककृत शुभवर्तमानात सांगितले आहे. ऐकणे व विचारणे ही विद्येची दोन अंगे होत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता ६ वी ते ८ वीच्या टप्प्यापासून संगणकास आज्ञा लिहिण्याची विद्या, म्हणजे प्रोग्रॅमिंग, शिकविण्याचे योजिले आहे. घरोघरी फोन असल्यामुळे या अभ्यासाची चर्चा व्हाट्सअ‍ॅपच्या गटांतही होऊ शकते. ती लाभदायक कशी व्हावी, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. पायथन या संगणकभाषेत एका मुलाने दोन संख्या विचारून त्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याने ५ व ७ या संख्या दिल्या. उत्तर आले ५७! संगणकाने चूकही दाखविली नाही. अशा वेळी नवशिका मनात म्हणतो, “ही विद्या माझ्यासाठी नव्हे,” आणि पुस्तक मिटतो. वास्तविक कारण अगदी साधे आहे. ‘इनपुट’ या आज्ञेने जे येते, ते पायथन अक्षरे म्हणूनच घेतो. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक मांडणी. ‘इंट’ या आज्ञेने त्यांस पूर्णांक केले की उत्तर १२ येते. एवढी गोष्ट सांगणारा कोणी न भेटल्यामुळे एक हुशार मुलगा मागे राहावा, ही खेदाची गोष्ट होय.

परंतु विचारणाऱ्यासही विचारता आले पाहिजे. “माझा प्रोग्रॅम चालत नाही” एवढेच लिहिणे म्हणजे वैद्याकडे जाऊन “मला बरे नाही” म्हणून गप्प बसणे. प्रश्नात चार गोष्टी असाव्यात : मला काय साधावयाचे होते, मी काय लिहिले, उत्तर काय आले, आणि मी स्वतः काय करून पाहिले. लिहिलेला मजकूर जसाच्या तसा द्यावा. कारण पायथनमध्ये ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागेसही अर्थ असतो. या चार गोष्टी लिहिता लिहिताच पुष्कळदा चूक आपणास सापडते.

मुंबईच्या आय.आय.टी.चा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम याचा उत्तम नमुना आहे. त्याचे लहान लहान पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. तेथील चर्चेत प्रश्न विचारताना पाठाच्या कोणत्या मिनिटास व कोणत्या सेकंदास अडले, हेही सांगण्याची सोय आहे. नेमके कोठे अडले हे कळले, म्हणजे अर्धी अडचण दूर झाली.

आता सांगणाऱ्याविषयी. पूर्ण उत्तर लिहून पाठविणे हे साहाय्य नव्हे. ते उतरवून घेणारा परीक्षेच्या दिवशी एकटाच असतो. वरील मुलास म्हणावे, “‘टाइप’ ही आज्ञा देऊन तुझ्या संख्येचा प्रकार काय दिसतो ते पाहा.” मग उत्तर त्याचे त्यालाच सापडेल, आणि सांगणाऱ्याचेही ज्ञान पक्के होईल. कोणी अहिराणीत विचारले, किंवा अगदी प्राथमिक गोष्ट विचारली, तरी कोणीही हसू नये. एकदा हसे झालेली मुलगी पुन्हा विचारीत नाही, आणि तिचे शिकणे तेथेच थांबते.

पालकांसही विनंती आहे. गटात एखादा शिक्षक असावा. फोन हाती घेण्याची वेळ ठरलेली असावी. पत्ता, फोन क्रमांक व पासवर्ड अनोळखी माणसांस कधीही देऊ नये, हे मुलांस बजावावे. आणि मिळालेले उत्तर स्वतः चालवून पाहिल्यावाचून खरे मानू नये, ही सवय लावावी.

आपल्या धरणगावी १८९० साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात आपली कविता वाचली, आणि तेथेच त्यांस ‘बालकवी’ हे नाव मिळाले. मोठ्यांच्या त्या सभेने एका कोवळ्या मुलाचे आदराने ऐकून घेतले. आपल्या वर्गाच्या गटानेही नवशिक्याचे तसेच ऐकावे.

अभ्यास : “बेरीज चुकते, कोणी सांगा” हा प्रश्न वरील चार गोष्टी घालून पुन्हा लिहा, मग उत्तर न सांगता, केवळ दिशा दाखविणारे एक वाक्य त्याखाली लिहा.