जुनी व्हेस्पा-चेतक घरी कशी सांभाळायची? आणि त्यातून धंद्याचा एक महागडा धडा

व्हिडिओत माझ्या मागे उभी असलेली निळी स्कूटर बऱ्याच जणांनी ओळखली. ती माझ्या वडिलांची चेतक. दुकानाचा पहिला माल त्यांनी हिच्यावरूनच आणला. आज हिची देखभाल घरी कशी करायची ते सांगतो. पण आधी माझी चूक सांगतो, कारण खरा धडा तिथेच आहे.

आधी थोडी ओळख

चेतक पुण्याची असली तरी तिचं घराणं इटलीचं. पियाज्यो कंपनीने 1946 साली व्हेस्पा बाजारात आणली. तिचा आराखडा कोरादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याचा. म्हणूनच पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं असतं. बजाजने 1960 च्या दशकात पियाज्योच्या परवान्याने इथे व्हेस्पा बनवली. 1971 मध्ये करार संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. पत्र्याची बॉडी, डाव्या हँडलवरचे गिअर, मागच्या चाकाला चिकटलेलं टू-स्ट्रोक इंजिन, सगळं वळण व्हेस्पाचंच. त्यामुळे खालची बहुतेक कामं दोन्ही गाड्यांना लागू पडतात.

माझी चूक

माझं दुकान पॅकिंगच्या मालाचं. मिठाईचे खोके, पिशव्या, रिबिनी. दिवाळीच्या आधी माल पोचवायला हीच स्कूटर. त्या वर्षी गाडी तीन-चार किलोमीटर छान चालायची आणि बंद पडायची. आडवी करून किक मारली, चोक ओढला, काही नाही. दहा मिनिटं थांबलं की परत सुरू.

मी स्वतःच हात घातला. प्लग बदलला, कार्बोरेटर उघडला, पॉइंट घासले, नवीन कॉइल आणली. गंमत म्हणजे प्रत्येक वेळी गाडी सुरू व्हायची आणि मला वाटायचं, चला, जमलं! मग पुन्हा रस्त्यात बंद. दोन दिवस गेले. एका मिठाईवाल्या शेठना खोके सकाळी हवे होते, मी संध्याकाळी पोचलो. तोवर त्यांनी दुसरीकडून माल उचलला होता. ते मला रागावले नाहीत, फक्त पुढच्या वर्षी फोन आला नाही. वर्षभराचं गिऱ्हाईक गेलं.

शेवटी गाडी ढकलत आमच्या गल्लीच्या टोकाच्या मेस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. एकच प्रश्न विचारला, "हे सुरू व्हायच्या आधी शेवटचं काय बदललंस रे?"

मी आठवलं. टाकीच्या झाकणातून पेट्रोल पाझरत होतं, म्हणून मी रबरी वायसर नवीन टाकला होता. काकांनी झाकण उघडलं. 'फुस्स' आवाज आला. झाकणाला हवा आत यायला एक बारीक भोक असतं. माझ्या नव्या वायसरला भोकच नव्हतं! पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत निर्वात पोकळी व्हायची आणि कार्बोरेटरला पेट्रोल मिळायचं नाही. काकांनी वायसरला भोक पाडलं. काम संपलं.

मग मी रस्त्यात इतर गोष्टी बदलल्यावर गाडी सुरू का व्हायची? कारण दर वेळी मी आधी झाकण उघडून "पेट्रोल आहे ना" ते बघायचो. हवा आत जायची. श्रेय मात्र प्लगला आणि कॉइलला!

घरी करण्यासारखी कामं

1. तेलाचं प्रमाण. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. 2 टक्के, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली टू-टी ऑइल. अंदाजाने ओतू नका, माप ठेवा. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो.

2. प्लग. काढून रंग बघा. तांबूस-तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त, नाहीतर ठिणगी कमजोर. पांढरा पडला असेल तर इंजिन जास्त तापतंय, कुठून तरी जादा हवा शिरत असेल. गॅप साधारण 0.6 मिलिमीटर.

3. पॉइंट. जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांत फ्लायव्हीलच्या खिडकीतून गॅप तपासता येतो. 0.3 ते 0.5 मिलिमीटरच्या आत ठेवा. फीलर गेज स्वस्त मिळतं, डोळ्याने मोजू नका.

4. कार्बोरेटर. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालायची नाही. भोक मोठं झालं की पेट्रोल जास्त जातं. पेट्रोलने धुवा आणि हवेने फुंका. हे काम मोकळ्या जागेत करा, जवळपास देवघरातला दिवासुद्धा नको.

5. गिअर ऑइल. एसएई 30, साधारण पाव लिटर. गाडी थोडी फिरवून इंजिन गरम असताना काढा, नीट निथळतं.

6. चाक. हे लक्ष देऊन वाचा. रिम दोन भागांची असते, नटांनी जोडलेली. चाक गाडीवरून काढायचे नट वेगळे आणि रिम जोडणारे नट वेगळे. रिमचे नट सोडायच्या आधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढा. हवा भरलेली असताना रिम उघडली तर भाग उडून जीवावर बेतू शकतं.

घरी न करण्यासारखी कामं

क्रँकचे बेअरिंग, ऑइल सील, सिलिंडर बोअर करणं, क्लच उघडणं. यांना पुलर आणि खास अवजारं लागतात, आणि सवयीचा हात लागतो. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर क्लचकडचं सील गेल्याची शक्यता मोठी. निदान तुम्ही करा, काम मेस्त्रींना द्या.

आता हिशोब

बीबीएला असताना 'संधी खर्च' हा शब्द मी पाठ केला होता. कळला मात्र त्या दिवाळीत. समजा, दुकानातून महिन्याला 30,000 रुपये सुटतात आणि तुम्ही 26 दिवस रोज 10 तास बसता. म्हणजे 260 तास. तुमचा एक तास साधारण 115 रुपयांचा. प्लग साफ करायला 20 मिनिटं लागतात, म्हणजे 40 रुपये. गाडी मेस्त्रीकडे नेऊन आणण्यातच तास जातो. मग हे काम घरीच करा. पण शिकत-शिकत इंजिन उघडायला 12 तास गेले, तर 1,380 रुपये वेळेचेच झाले. वर अवजारं, वर बिघडवण्याची जोखीम. आणि सीझनमध्ये तुमचा तास 115 चा नसतो, त्या तासात वर्षभराचं गिऱ्हाईक असतं. त्या दोन दिवसांत मी टेम्पो भाड्याने घेऊन माल पोचवायला हवा होता. स्कूटर नंतरही दुरुस्त झाली असती.

धंद्याला काय लागू होतं?

विक्री अचानक घसरली की आपण काय करतो? भाव कमी करतो, बोर्ड बदलतो, जाहिरात देतो, सगळं एकाच आठवड्यात. विक्री थोडी वाढली तर कशामुळे वाढली ते कळत नाही. पुन्हा घसरली की पुन्हा अंधारात. म्हणून क्रम असा ठेवा:

- आधी विचारा, शेवटचं काय बदललं? नवा पोरगा काउंटरवर बसला का? उधारी बंद केली का? माल वेगळ्या ठिकाणी मांडला का?
- फुकटात तपासता येईल ते आधी तपासा. झाकण उघडायला पैसे लागत नाहीत.
- एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परिणाम दिसेपर्यंत थांबा.
- लिहून ठेवा. मी वायसर बदलल्याची तारीख लिहिली असती, तर दोन दिवस वाचले असते.

गृहपाठ

एक शंभर पानी वही घ्या. चार रकाने आखा: तारीख, काय बदललं, का बदललं, काय झालं. पहिली पानं गाडीसाठी, पुढची दुकानासाठी. महिनाभर भरा. माझ्या चेतकची वही डिकीत असते, दुकानाची गल्ल्याशेजारी.

त्या शेठकडे मी यंदा स्वतः गेलो. चूक माझी होती हे सांगितलं. त्यांनी दोनशे खोक्यांची छोटी ऑर्डर दिली. एक दिवस आधी पोचवली, वडिलांच्याच स्कूटरवरून.

तुमच्या धंद्यात असा 'बिनभोकाचा वायसर' कुठला निघाला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!