फ्रेटलेस बासला कोणत्या तारा?

प्रश्न : राउंडवूंड तारांमुळे माझ्या फ्रेटलेस बासच्या शिसवी फिंगरबोर्डवर चरे पडलेत. तारा बदलाव्यात का?

उत्तर : या तारांवरचा वेढा गोल तारेचा असतो. बोट घासत सूर हलवला की तो कानशीसारखा लाकूड खरवडतो. फ्लॅटवूंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असल्याने झीज बरीच कमी होते. मात्र आवाजातली लखलखीत धारही जाते, आणि अनेकांनी फ्रेटलेस घेतलेला असतो तो नेमका त्या धारेसाठी!

बासवादक जॅको पास्टोरियसने धार सोडली नाही. फेंडर जॅझ बासच्या फ्रेट काढलेल्या बोर्डवर त्याने नौकांना लावतात त्या इपॉक्सीचे कडक थर दिले आणि राउंडवूंडच वाजवल्या. त्याच्या नावाच्या १९७६ च्या अल्बममध्ये तो आवाज मन लावून ऐकावा.

चरे उथळ असतील तर आधी फ्लॅटवूंड लावून पाहाव्यात; ताण बदलतो, म्हणून मानेतला ट्रस रॉड तपासून घ्यावा. चरे खोल असतील तर जाणकार कारागिराकडून बोर्ड घासून सपाट करता येतो, पण दर वेळी लाकूड पातळ होते. इपॉक्सीचे काम घरी करू नये.

जाता जाता : बोर्डवर फ्रेटच्या जागी रेषा असतील तर बोट रेषेच्या मागे नव्हे, थेट रेषेवर ठेवावे. मागे ठेवले की सूर उतरतो.