शिक्षण आणि नागरी हक्क : बडोद्याच्या इतिहासातील दोन धडे

विद्यार्थ्यांना साहाय्य करणे हे आपल्या न्यासाच्या कार्यातील एक मुख्य कलम आहे. महोत्सवाच्या प्रसंगी मागील कार्याचा आढावा घेताना किती मुलामुलींची फी भरली, किती जण पदवीधर झाले, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या शिक्षणामुळे माणसाला माणसाचे हक्क कितपत मिळाले, याचाही हिशेब कधीतरी मांडावयास हवा. त्याकरिता आपणां बडोदेकरांस लांब जावयास नको. या शहराच्या इतिहासातच त्याचे दोन मोठे धडे आहेत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. हक्क कायद्याने मिळतो हे खरे. पण तो उपभोगावयास दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. ज्याचा हक्क आहे त्याला तो ठाऊक असावा लागतो, आणि ज्यांच्यामध्ये तो राहतो त्यांनी तो मानावा लागतो. पहिली गोष्ट शाळेत शिकावी लागते हे सर्वांस पटते. दुसरी गोष्टही शिकावीच लागते, याचा मात्र आपणांस विसर पडतो.

सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. इंग्रज सरकारने ती मानली नाही. बडोद्यास मात्र महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ साली अमरेली भागात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. मुलांना ७ ते १२ व मुलींना ७ ते १० या वयात शाळेत धाडणे पालकांवर बंधनकारक झाले; न धाडल्यास दंड होई. बडोद्याचे हे उदाहरण डोळ्यांपुढे असताना नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात याच स्वरूपाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

येथे ‘सक्ती’ या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. तोपर्यंत मुलाने शिकावे की नाही हे बापाच्या मर्जीवर आणि जातीच्या रीतीवर अवलंबून असे. मुलीचा तर प्रश्नच नसे. सक्तीने ती मर्जी आणि ती रीत बाजूला सारली. मुलाचा शाळेवर काही अधिकार आहे, आणि तो घराने किंवा गावाने अडवू नये, हे तत्त्व त्या कायद्यात होते.

कायदा झाला तरी काम सोपे नव्हते. महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा त्यांत शिकवावयास सवर्ण शिक्षक तयार होईनात. मुसलमान शिक्षक नेमून त्या शाळा चालवाव्या लागल्या. पुढे १९०८ साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना बडोद्यास बोलावून हे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. शाळेची इमारत बांधणे सोपे. शिकलेल्या शिक्षकाच्या मनातील भिंत पाडणे कठीण, हे तेव्हाच दिसून आले होते.

पहिला धडा : १९१७ साल

या भिंतीची खरी उंची दाखविणारा प्रसंग १९१७ साली याच शहरात घडला. भीमराव रामजी आंबेडकर यांना शाळेत घरून आणलेल्या तरटावर इतरांपासून वेगळे बसावे लागे, आणि पाणी वाढावयास शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. अशा स्थितीत त्यांनी मॅट्रिक पुरी केली. केळुसकर गुरुजींच्या खटपटीने महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली ते बी. ए. झाले. १९१३ साली संस्थानच्याच खर्चाने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे एम. ए. झाले, आणि पुढे लंडनला अभ्यास करून १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास आले.

त्या काळी या शहरात त्यांच्याइतके शिकलेले किती असतील? तरीही त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारगृहात पारशी नाव नोंदवून त्यांनी आसरा घेतला. कचेरीत शिपाई कागद लांबूनच टाकीत. अकराव्या दिवशी काही पारशी मंडळी काठ्या घेऊन उतारगृहावर आली आणि त्यांना तेथून निघावे लागले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचण सांगितली. मग कमाठी बागेत झाडाखाली बसून, रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी वेळ काढला आणि ते मुंबईस परतले. पुढे त्यांनी स्वतःच्या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे. बागेतील ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते.

या प्रसंगी महाराजांची इच्छा कमी पडली नाही, खजिना कमी पडला नाही, विद्यार्थ्याची विद्या तर मुळीच कमी पडली नाही. शिक्षण कमी पडले ते शहराचे! काठ्या घेऊन आलेले, दार लावून घेणारे आणि ‘अडचण’ सांगणारे हे सारेच काही निरक्षर नव्हते. म्हणून पहिला धडा असा की, एकाला शिकवून त्याला हक्क मिळत नाही. त्याच्या शेजाऱ्यालाही शिकवावे लागते.

डॉ. आंबेडकरांनी स्वतः हा धडा पुरता ओळखला होता. १९२४ साली त्यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने शिक्षणप्रसार, वसतिगृहे व वाचनालये ही कामे अंगावर घेतली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत हा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता, आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुलेही केले होते. कागदावर हक्क होता, तळ्यावर नव्हता. २० मार्च १९२७ रोजी हजारो लोक तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्याले. प्रकरण कोर्टात गेले, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. शिक्षणाने हक्काची जाणीव दिली, जाणिवेने संघटना उभी केली, आणि संघटनेने कागदावरील हक्क प्रत्यक्षात आणावयाचा लढा चालविला.

दुसरा धडा : एका शब्दाची दुरुस्ती

दुसरा धडा सुखद आहे. बडोदे कॉलेजात शिकून १९१८ साली पदवीधर झालेल्या हंसाबेन मेहता या पुढे घटना समितीच्या सदस्य झाल्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होईल असा इंग्रजी शब्द होता. हंसाबेनांनी त्याला हरकत घेतली. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा तेथे ‘सर्व मानव’ अशा अर्थाचे शब्द आले होते. दुसऱ्याच वर्षी बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले व हंसाबेन त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.

ज्या संस्थानाने मुलींना शाळेत धाडणे बंधनकारक केले, तेथल्याच कॉलेजात शिकलेल्या एका स्त्रीने साऱ्या जगातील स्त्रियांसाठी एक शब्द बदलून घेतला. शिकलेला माणूस वाक्य नुसते वाचीत नाही. त्यात कोण गाळले गेले आहे हेही पाहतो. हा दुसरा धडा.

त्याच जाहीरनाम्याचे २६ वे कलम शिक्षणाविषयी आहे. शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे असे ते सांगते, आणि मानवी हक्कांविषयी आदर दृढ करणे हा शिक्षणाचा हेतू असावा, असेही बजावते. आरंभी सांगितलेल्या दोन्ही अटी या एकाच कलमात आल्या आहेत.

कायदा कोठवर आला?

आपल्या राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली, आणि दहा वर्षांत चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यास सांगितले. दहाची अनेक दशके झाली. अखेर २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचा तो मूलभूत हक्क ठरला; २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. साऱ्या बडोदे संस्थानात १९०६ साली जे घडले, ते सर्व देशात कायद्याने यावयास १०४ वर्षे लागली.

या कायद्यात खाजगी शाळांनी पहिल्या इयत्तेतील निदान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, अशी तरतूद आहे. ती मुले आपल्या नातवंडांच्या शेजारच्या बाकावर बसतील. त्यांना वर्गात घेणे कायद्याच्या हाती आहे. वाढदिवसाला घरी बोलावणे आपल्या हाती आहे.

आपल्या घरी विचार करण्यासाठी

शिष्यवृत्तीच्या निधीत भर घालणे हे आपले कर्तव्य आहेच. त्याबरोबर सभासद बंधुभगिनींनी पुढील तीन प्रश्न घरातील सर्वांनी मिळून विचारात घ्यावेत, अशी विनंती आहे.

१. घरातील खोली भाड्याने देताना आपण येणाऱ्याचे आडनाव प्रथम विचारतो की कामधंदा?

२. आपल्या घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईंची मुले कोणत्या शाळेत व कोणत्या इयत्तेत आहेत, हे आपणांस ठाऊक आहे काय?

३. घरच्या मुलीचे शिक्षण आणि मुलाचे शिक्षण यांत खर्चाची वेळ आली असता आपण काय ठरविले?

१९१७ साली एका विद्वानास रात्रीच्या गाडीने हे शहर सोडावे लागले. शिष्यवृत्ती देणारे बडोदे आणि दार लावून घेणारे बडोदे एकच होते. आपल्या न्यासाने शिष्यवृत्ती दिली आहे. दार उघडण्याचे काम मात्र प्रत्येक सभासदाने आपापल्या घरी करावयाचे आहे.